एकशे सतरा

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात
आम्ही डांबरात भोकं पाडली, दोनशे बारा.
प्रत्येकात एक काळी डबी, आमरसाच्या वाटीएवढी,
वरून इपॉक्सी, वरून पांढरा आकडा.
अमरावती रोडवरून विद्यापीठात वळणाऱ्या गाडीला
आता फाटकातच कळणार होतं
आपली जागा कुठे आहे ते.
(एवढं तर पदवी घेऊनही कळलं नाही आपल्याला,
निनाद म्हणाला ड्रिल थांबवून,
आणि अर्धी बाटली डोक्यावर ओतली.)

ॲपवर हिरवा ठिपका रिकामी, लाल ठिपका भरलेली.
तिसरा रंग मी ठेवला नव्हता.

पहिल्या सोमवारी स्क्रीनवर हिरवंगार शेत,
रसायनशास्त्रासमोर ऐंशी जागा मोकळ्या,
आणि सगळ्या गाड्या कडुनिंबाखाली
एकमेकींवर रेललेल्या,
एकेका डबीवर तीन तीन स्कूट्या, तिरप्या.
तोंडाला दुपट्टा गुंडाळलेली एक मुलगी,
नुसते डोळे, म्हणाली,
"मॅडम, तुमच्या ॲपमध्ये सावली कुठं दिसते?"
सेहेचाळीस पूर्णांक दोन होतं त्या दिवशी.
मी वहीत लिहिलं, सावली.
पुढे प्रश्नचिन्ह.

डोमाजी उइके मात्र सांगायचे,
बारा वाजता येणाऱ्यानं लायब्ररीच्या भिंतीला लावावी,
तिथं आता ऊन हाय, पण दोनले सावली येते.
भूगोलाच्या बाई चारच्या आत जात नाहीत,
त्यांच्यामागे लावली तरी चालते.
तीस वर्षं पत्र्याचे बिल्ले वाटले त्यांनी.
आता त्यांच्या हातात टॅब.
तो तापून बंद पडतो,
म्हणून ओल्या दुपट्ट्यात गुंडाळून ठेवतात,
आणि पिशवीत त्याच्याशेजारी एक कांदा.
मी हसले.
"हसून काहून राह्यल्या? त्यालेही ऊन लागते ना."

एकशे सतरा पहिल्या दिवसापासून लाल.
वर गाडी नाही, सायकल नाही, काही नाही.
मी बॅटरी बदलली. लाल.
डबी बदलली. लाल.
भर दुपारी गुडघे टेकून
डांबराचा वास नाकात घेत
तिसरी डबी बसवली, झाकण लावलं,
फोन पाहिला.

उइके खुर्चीवरून पाहत होते केव्हाचे.
"थे रिकामं नाही, मॅडम."
म्हटलं, म्हणजे?
"हापशी होती इथं. रोड झाला तवा
वरून कापून नेली. पाइप हाय ना खाली.
दोनशे फूट."

डबीला काय, लोखंड कळतं फक्त.
खाली लोखंड उभं असलं
तर ती म्हणणारच कोणीतरी आहे.
मी वर पाहिलं. सगळ्यात दाट निंब
नेमका त्याच जागेवर का,
हे विचारायची गरज उरली नाही.

दुरुस्ती अकरा मिनिटांची होती.
सगळ्या डब्यांना आम्ही एकच शून्य दिलं होतं,
हिला तिचं वेगळं द्यायचं,
सांगायचं, हे लोखंड धरू नकोस,
इथून पुढे मोज.
लॅपटॉप मांडीवर घेतला, मांडी भाजली,
ओळ लिहिली,
आणि एंटरवर बोट ठेवून
कितीतरी वेळ तशीच बसून राहिले.

कुलसचिवांना अहवाल गेला:
दोनशे बारापैकी दोनशे अकरा कार्यरत.
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं,
जागा भरलेली आहे.
कुणी विचारलं नाही.
निनादनं विचारलं, त्याला म्हटलं, बघते.
सावलीचंही अजून काही केलेलं नाही.

परवा बॅटऱ्या तपासायला गेले.
एकशे सतरावर तिवई, तिवईवर माठ,
माठाला ओलं गोणपाट.
दुपट्टेवाल्या पोरी रांगेत,
दुपट्टा हनुवटीपर्यंत उतरवून पाणी पिताना
पहिल्यांदाच दिसलेले चेहरे.
स्टीलचा ग्लास चोरीला जाऊ नये म्हणून
उइकेंनी साखळीनं बांधलाय.
साखळी लोखंडाची.